घरी १०-१२ गॅलन बिअर आंबवायला स्वस्तातलं भांडं कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत राहता, बेसमेंटमधे ५-५ गॅलनच्या बॅचेस बादलीत करता, आता मोठी केटल (बिअर उकळायचं पातेलं) घेतलीय त्यामुळे एकदम १०-१२ गॅलन करायचंय आणि स्टेनलेसच्या कोनिकलची (खाली निमुळतं होणाऱ्या आंबवायच्या भांड्याची) किंमत बघून घाम फुटलाय. सरळ उत्तर: कोनिकल विसरा आणि तुमच्याकडे आहे तसलीच ६.५ गॅलनची बादली अजून एक घ्या. झाकणासकट वीस-पंचवीस डॉलरमधे काम झालं. १० गॅलनला दोन बादल्या पुरतात, १२ करायचं असेल तर तीन, कारण प्रत्येकीत ६ गॅलन भरलंत तर फेसाला वर जागाच राहत नाही आणि तिसऱ्या दिवशी झाकण उडून भिंतीवर सगळं.

आता हे उत्तर फारच साधं वाटत असेल तर कारण सांगतो. मोठं भांडं शोधताना सगळे गॅलन आणि डॉलर बघतात, वजन कोणी बघत नाही. १.०५० ग्रॅव्हिटीचं (पाण्याच्या मानाने घनता) एक लिटर वर्ट, म्हणजे आंबवायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी, १ किलो ५० ग्रॅम, १२ गॅलन म्हणजे साधारण ४५ लिटर, म्हणजे ४७-४८ किलो नुसतं वर्ट, वर भांड्याचं वजन वेगळं. हे एकट्याने उचलून जिना उतरायचा विचारही करू नका. आणि उचललंत तरी आंबून झाल्यावर हलवताना तळाचा यीस्टचा गाळ परत सगळा ढवळून वर येणार. म्हणून आधी जागा ठरवा, वर्ट तिथपर्यंत कसं जाणार आणि तयार बिअर तिथून बाहेर कशी निघणार ते ठरवा, मग भांडं. दोन बादल्या तुम्ही एकेक करून उचलू शकता, जुन्या फ्रीजमधे त्या बसायची शक्यता जास्त, एकीत काही बिघडलं तर दुसरी वाचते, आणि एकाच वर्टमधे दोन वेगवेगळी यीस्ट टाकून बघता येतात. मला तर ही शेवटची गोष्टच सगळ्यात मजेची वाटते, अर्धी अमेरिकन एल (बिअरचा एक प्रकार) यीस्टवर आणि अर्धी बेल्जियन यीस्टवर, कामाचा दिवस एकच आणि बिअर मात्र दोन.

बादली घेताना एक बघा. खाली त्रिकोणात २ आकडा असतो, म्हणजे एचडीपीई, पण त्यावरून फक्त प्लास्टिकचा प्रकार कळतो, ते खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलंय हे कळत नाही. त्यासाठी एनएसएफचा (खाण्याच्या भांड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का, पेला-काट्याचं चिन्ह, किंवा बनवणाऱ्याने स्पष्ट फूड ग्रेड लिहिलेलं पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातली ती प्रसिद्ध नारिंगी बादली यासाठी नाही, बऱ्याचदा त्याच दुकानात फूड ग्रेडची पांढरी वेगळी मिळते. अजून स्वस्त हवं असेल तर सुपरमार्केटच्या बेकरीत विचारा, केकवरच्या आयसिंगच्या बादल्या तिथे रिकाम्या होतात, काही ठिकाणी फुकटसुद्धा देतात, झाकणाला रबरी रिंग असते. फक्त बऱ्याचशा ५ गॅलनच्या किंवा त्याहून लहान असतात, म्हणजे त्यात ४ गॅलनच भरायचं. लोणच्याची बादली मात्र फुकट मिळाली तरी नको, आपल्या घरी कैरीच्या लोणच्याची बरणी कितीही घासली तरी वास जातो का, तसंच हे, प्लास्टिक वास धरून ठेवतं आणि शेपू-व्हिनेगरची बिअर कोण पिणार.

तरी एकच मोठं भांडं हवंय असा हट्ट असेल, आणि असू शकतो, मला पण होता, तर माझी पसंती जर्मन श्पायडलच्या ६० लिटरवाल्या प्लास्टिक फर्मेंटरला. जाड एचडीपीई, मोठं फिरकीचं झाकण त्यामुळे हात आत जातो, बाजूला पकडायला कान, आणि खाली तोटी. तोटी हा यातला खरा फायदा आहे. भांडं सुरुवातीलाच मजबूत टेबलावर किंवा स्टँडवर ठेवा, केटलमधून थंड केलेलं वर्ट पंपाने किंवा भांड्याने थोडं थोडं त्यात घाला, आणि मग शेवटपर्यंत त्याला हलवू नका, बिअर तोटीला नळी लावून खाली ठेवलेल्या केगमधे (बिअरच्या स्टीलच्या पिंपात) जाते. सायफनची झंझट नाही. दर वेळी तोटी पूर्ण खोलून धुवायची पण, आत चिकट थर जमतो आणि इन्फेक्शन बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. प्लास्टिक घासायला तारेची घासणी अजिबात नको, मऊ फडकं आणि पीबीडब्ल्यूचं (बिअरची भांडी धुवायची पावडर) कोमट पाणी, कारण ओरखड्यात जंतू बसले की सॅनिटायझर तिथे नीट पोचत नाही. आणि प्लास्टिकमधून हळूहळू ऑक्सिजन आत येतो, तीन-चार आठवड्यांच्या साध्या एलला काही होत नाही, पण सहा महिने मुरवायची आंबट बिअर त्यात ठेवू नका.

पांढऱ्या ब्रूट कचरापेटीबद्दल विचारलंय तुम्ही. हसू नका कोणी, २० गॅलनची ब्रूट बरेच जण वापरतात, पांढरा रंग आणि एनएसएफचा शिक्का बघून घ्यायची. झाकण घट्ट बसत नाही पण जोरात आंबत असताना कार्बन डायऑक्साइड बाहेर येत असतो आणि वर फेसाचा जाड थर असतो, त्यामुळे तेवढे दिवस चालतं. यॉर्कशरमधे टॅडकास्टरच्या सॅम्युएल स्मिथकडे दगडी पाटीच्या उघड्या चौकोनी टाक्यांत आजही बिअर आंबवतात, म्हणजे उघड्यावर आंबवणं काही अघोरी नाही. पण फेस खाली बसला की लगेच, दुसऱ्या दिवशी नाही, बंद भांड्यात किंवा केगमधे हलवा. ज्याला रोज जाऊन बघायचा कंटाळा आहे त्याने हा मार्ग धरू नये.

पैसे वाचवायला सगळ्यात टिकाऊ वस्तू म्हणजे वापरलेला १५.५ गॅलनचा बिअरचा केग, साधारण १२-१३ गॅलन वर्ट आरामात. स्टेनलेस, ओरखड्यांची भीती नाही, ऑक्सिजन आत येत नाही, कडक केमिकल सहन करतो, तोंड उघडं ठेवून आत थोडं पाणी घालून बर्नरवर उकळलं तर वाफेनेच आतून निर्जंतुक. पण दोन गोष्टी. दारूच्या दुकानात डिपॉझिट भरून आणलेला केग तुमच्या मालकीचा होत नाही, तो ब्रुअरीचाच, म्हणून विकायचा हक्क असलेल्याकडूनच कागदासकट घ्या. आणि मधली नळी, स्पिअर म्हणतात ती, काढायच्या आधी व्हॉल्व्ह दाबून सगळं प्रेशर पूर्ण सोडा, नाहीतर ती सरळ तोंडावर उडते, यात माणसं गंभीर जखमी झालेली आहेत. तोंड जेमतेम २ इंचाचं, हात जात नाही, त्यामुळे आत टॉर्च मारून बघायची सवय लागते. रिकामाच साधारण १३-१४ किलो भरतो.

काचेचे कारबॉय, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या बरण्या, नकोच. जुने लोक स्वस्तात विकत असतात, बघायला सुंदर दिसतात, पण ओल्या साबणी हाताने भरलेला कारबॉय निसटला की टाके ठरलेले. तीच साइझ पीईटी प्लास्टिकमधे मिळते. आणि ५५ गॅलनचं निळं पिंप, आधी त्यात काय होतं याची खात्री नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. सरबताचा पाक होता म्हणून सांगतात, कोण बघायला गेलंय.

तापमानाचं पण सांगतो कारण मोठ्या भांड्यात ते वेगळं वागतं. यीस्ट काम करताना उष्णता सोडतं, ५ गॅलनची बादली ती बाजूने बाहेर टाकते, ४५ लिटरचा एकच गठ्ठा असेल तर आत अडकते, बेसमेंट १८ डिग्री असलं तरी आत २१-२२ होऊ शकतं आणि मग बिअरला केळ्याचा किंवा जळजळीत दारूचा वास. ओल्या टीशर्ट आणि पंख्याचा जुगाड बादलीला पुरतो, मोठ्याला पुरत नाही. त्यासाठी चेस्ट फ्रीजर आणि तापमानाचा कंट्रोलर लागतो, तो खर्च भांड्याच्या किमतीत धरा आणि फ्रीजरचं आतलं माप घेऊनच भांडं मागवा.

सॅनिटायझरने मोठं भांडं भरत बसू नका, स्टार सॅनचं प्रमाण १९ लिटर पाण्याला ३० मिली, तुम्ही एक गॅलनला ६ मिली बनवा आणि आतून सगळीकडे फवारा, दोन मिनिटं ओलं राहिलं की झालं. यीस्ट मात्र वाढवायला लागेल, सुक्या एल यीस्टला १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम धरतात, म्हणजे ४५ लिटरला ११.५ ग्रॅमची दोन ते तीन पाकिटं, लागर (थंडीत आंबवायची बिअर) असेल तर चार-पाच.

कायद्याचं, कारण मोठ्या बॅचला ते लागू पडतं: फेडरल नियमाने घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची नाही. १२ गॅलनच्या हिशोबाने एकट्या माणसाच्या आठ बॅचेसमधे वर्ष संपलं. तुमच्या राज्याचे नियम वेगळे बघा, अलाबामा आणि मिसिसिपीत तर २०१३ पर्यंत घरी बिअर करणं कायदेशीरच नव्हतं. आणि हे महाराष्ट्रातून कोणी वाचत असेल तर तिथे विनापरवाना घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा बादली आणायला धावू नका.

तुमच्या फ्रीजचं आतलं माप आणि केटल किती गॅलनची आहे ते कमेंटमधे टाका, श्पायडल बसेल की दोन बादल्याच बऱ्या ते सांगतो.