मेलबर्नच्या विद्यापीठात पहिल्यांदा सूत्रसंचालन करताना

ऑस्ट्रेलियात कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या भूमीच्या मूळ लोकांचा मान राखतात. त्यातल्या दोन गोष्टी आधी वेगळ्या कर. 'वेलकम टू कंट्री', म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत, फक्त त्या भूमीचे मूळ वारसदारच करू शकतात; 'अ‍ॅक्नॉलेजमेंट', म्हणजे ही भूमी त्यांची आहे असा आदराने उल्लेख, कुणीही, म्हणजे तूसुद्धा. वेलकम हवं असेल तर त्यांच्या संस्थेला काही आठवडे आधी कळव आणि मानधन बजेटमध्ये धर. वडीलधाऱ्यांना फुकट बोलावणं बरं नव्हे.

कॅम्पस बघून तिथल्या मूळ लोकांचं नाव घे. पार्कव्हिलला वुरुंजेरी वोई-वुरुंग, शेपर्टनला योर्टा योर्टा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण जुन्या कार्यक्रमाचा कागद तसाच वाचला जातो. उच्चार देवनागरीत लिहून दहादा मोठ्याने म्हण. अडखळलास तर थांबून नीट म्हण, पुटपुटू नकोस.

तीन-चार वाक्यं, अर्धा मिनिट पुरे: आपण कोणाच्या भूमीवर जमलोय, ती त्यांनी कधीच सोडून दिलेली नाही, त्यांच्या पूर्वीच्या आणि आजच्या ज्येष्ठांना आदर, आणि सभागृहातल्या इतर अ‍ॅबोरिजिनल व टोरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी, मंडळींनाही. 'इथे राहत होते' म्हणू नकोस. ते आजही आहेत.

गणेशोत्सवाचा कार्यक्रम असला तरी हे दीपप्रज्वलनाच्या आधी, लोक स्थिरावल्यावर. मागे चहाचे कप वाजत असताना अजिबात नको.