ईएफ 60 टक्के, तरी ‘ग्रेड 1 डायस्टोलिक डिसफंक्शन’ म्हणजे काय?

तुम्ही विचारलंत: आईंचं वय 66, बीपी जुनं, आणि इको रिपोर्टमध्ये हे वाक्य. घाबरू नका. मी नागपुरात धंतोलीत इको (हृदयाची सोनोग्राफी) करते. हा प्रश्न रोज ऐकते.

ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) सांगतं हृदय आकुंचन पावून आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं. डायस्टोलिक म्हणजे त्याच्या उलट: सैल होऊन भरणं. स्नायू ताठर झाला की भरणं मंदावतं. पडद्यावर मायट्रल झडपेपाशी (डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) रक्ताच्या वेगाची दोन शिखरं दिसतात. पहिलं ई, आपोआप भरण्याचं. दुसरं ए, वरच्या कप्प्याने ढकलल्याचं. ग्रेड 1 मध्ये ई बुटकं आणि ए उंच. साठीनंतर हे फार जणांत दिसतं.

पण एवढ्यावर थांबायचं नसतं. रिपोर्टमध्ये ‘ई भागिले ई-प्राइम’ बघा (ई-प्राइम म्हणजे भरताना झडपेजवळचा स्नायू हलण्याचा वेग; हा भागाकार सरासरी 14 च्या वर असेल तर हृदयाच्या आतला दाब वाढल्याची शंका), डाव्या वरच्या कप्प्याचा आकार आणि ट्रायकस्पिड (उजवीकडच्या झडपेच्या) गळतीचा वेग बघा. तो सेकंदाला 2.8 मीटरच्या आत हवा. हे ठीक असेल तर ग्रेड 1 साठी वेगळी गोळी नसते. बीपी, शुगर, वजन सांभाळायचं. मीठ कमी, म्हणजे सावजी रस्सा आणि लोणचं क्वचितच.

मात्र जिना चढताना धाप लागते का, आडवं झाल्यावर दम लागतो का, पायावर सूज येते का, हे आईंना नीट विचारा. यातलं काही असेल तर रिपोर्ट घेऊन लगेच हृदयरोगतज्ज्ञांकडे जा.