हरणाऱ्या संघाने मोठा व्यवहार करावा का?

एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये सतत हरणाऱ्या संघाने भविष्यातील ड्राफ्टचे (दरवर्षी होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीचे, ज्यात हरणाऱ्या संघांना साधारणपणे आधी निवडता येते) हक्क देऊन मोठा खेळाडू आणावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: संघात आधीपासून एक अव्वल खेळाडू असेल, तरच.

२००६-०७ च्या हंगामात बोस्टन सेल्टिक्सने ८२ पैकी केवळ २४ सामने जिंकले होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी रे ॲलन आणि केविन गार्नेट यांना आणले आणि पुढच्याच हंगामात ६६ विजयांसह अजिंक्यपद मिळवले. मात्र पॉल पिअर्स हा अव्वल खेळाडू तेथे आधीच होता, हे अनेक जण विसरतात. उलट २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने पस्तिशी गाठलेल्या त्याच गार्नेट आणि पिअर्ससाठी २०१४, २०१६ व २०१८ चे पहिल्या फेरीतील हक्क आणि २०१७ मध्ये आपापले हक्क बदलून घेण्याची मुभा बोस्टनला देऊन टाकली. पुढे २०१५-१६ मध्ये नेट्सला २१ आणि २०१६-१७ मध्ये २० च विजय मिळाले, आणि त्या वाईट हंगामांचे फळ जेलन ब्राउन व जेसन टेटम या तरुण खेळाडूंच्या रूपाने बोस्टनच्या पदरात पडले. हे मला आजही फार वाईट वाटते, कारण हरण्याची एकमेव भरपाईसुद्धा त्या संघाच्या चाहत्यांना मिळाली नाही.

म्हणून येणाऱ्या खेळाडूचे वय आणि कराराची उरलेली वर्षे आधी तपासावीत. हक्क द्यावेच लागले, तर ते पहिल्या काही क्रमांकांपुरते संरक्षित ठेवावेत, म्हणजे निवडीचा क्रमांक तितका वरचा आला तर हक्क आपल्याकडेच राहतो. संघाचा सर्वोत्तम खेळाडू अजून विशीच्या सुरुवातीला असेल, तर थांबणेच योग्य.