शेवटचे चार किलो

"मॅडम, सतरा किलो उतरवले तेव्हा एवढा त्रास झाला नाही. आता चारच राहिलेत आणि दिवसभर नुसती खा-खा सुटलीये." मी आहारतज्ज्ञ. हे गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने माझ्याकडे येणारे बरेच जण मांडतात. सुरुवातीचे महिने भूक आवाक्यात असते, काटाही भराभर खाली येतो. ठरवलेला आकडा नजरेच्या टप्प्यात आला की भूक उसळते. मग प्रत्येकजण एकच निष्कर्ष काढतो: मीच ढिला पडलो. देसाई सरही तेच ठरवून आले होते. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

सर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. वय ४८, उंची १७० सेंटिमीटर. मधुमेह निघाला, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि सरांनी ते मनावर घेतलं. सव्वा वर्षात ९६चे ७९ झाले. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.२ वरून ६.४ वर आली, कंबर ११२ सेंटिमीटरवरून ९७ वर. ध्येय होतं ७५. का, तर लग्नात ७५ होतो.

महिनाभर काटा हलेना म्हणून सरांनी स्वतःच चाप आणखी आवळला होता. रात्रीची भाकरी बंद, त्याऐवजी सातलाच मुगाचं सूप. सकाळच्या फेरीत भर म्हणून संध्याकाळी आणखी पाच किलोमीटर चालणं. सोबत वहिनी आल्या होत्या, त्यांनी राहिलेलं सांगून टाकलं. "दिवसभर उपाशी आणि रात्री अकराला भडंगाचा डबा! वर मोबाइलवर कुणीतरी मटण शिजवतंय, ते बघत बसतात." सर ओशाळून खाली बघायला लागले. मला मात्र त्या मटणाच्या व्हिडिओतच बरंचसं उत्तर दिसत होतं.

आधी एक तातडीचा प्रश्न होता. भूक नेमकी कधी लागते आणि तेव्हा हात थरथरतात का, घाम येतो का? संध्याकाळी पाचच्या सुमारास दोन्ही होतं, असं सर म्हणाले. त्यांना वाटलं, थकवा असेल. त्यांना मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड चालू होतं. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. वजन ९६ असताना जो डोस बरोबर बसत होता, तोच ७९ किलोच्या आणि कमी जेवणाऱ्या माणसाला जड होऊ शकतो. ग्लुकोमीटर घरात होताच. त्रास होईल त्या वेळी साखर बघा, सत्तरच्या खाली दिसली तर साखरपाणी घ्या आणि मला नव्हे, डॉक्टरांना फोन करा, असं सांगितलं. दोन दिवसांत ६४ दिसली. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि संध्याकाळची थरथर थांबली. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना वजन उतरवणाऱ्यांनी ही गोष्ट आहारतज्ज्ञाच्याही आधी तपासून घ्यावी. शरीर साखरेसाठी हाका मारत असताना माणूस निग्रहाच्या नावाखाली बसून राहतो, हे सगळ्यात धोक्याचं.

रात्रीची भूक मात्र तशीच राहिली. ती औषधाची नव्हती.

गणिताचे सर, म्हणून त्यांना आकड्यांतच समजावलं. मधुमेहाचं एक औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. ते घेणाऱ्यांच्या कॅलरी रोज नकळत गळत असतात. डाएट म्हणून त्यांनी काही केलेलं नसतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६मध्ये अशा लोकांच्या नोंदींवरून हिशोब मांडला. वजन जसजसं उतरत गेलं तसतसं त्यांचं खाणं आपसूक वाढत गेलं, कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १०० कॅलरी. आणि त्याच एका किलोमागे शरीराचा रोजचा खर्च कमी होतो तो २० ते ३० कॅलरी. सरांनी तिथेच वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. सतरा किलो, म्हणजे भुकेची ओढ १७०० कॅलरींनी वर आणि खर्च चारेकशेने खाली.

"म्हणजे मी रोज एवढी भूक दाबून बसलोय?"

हा सरासरीचा हिशोब आहे, प्रत्येकाला तंतोतंत लागू होत नाही, हे सांगितलंच. पण दिशा हीच. पाच किलो उतरलेल्या माणसाला जेवढा ताण सोसावा लागतो, त्याच्या तिपटीहून जास्त सर सोसत होते. खर्च घटल्यामुळे, ज्या जेवणावर पूर्वी दर महिन्याला काटा खाली यायचा त्याच जेवणावर आता तो जागेवर उभा. वजन जागचं हलत नाही आणि भूक सर्वांत जास्त, हे दोन्ही एकाच वेळी होतं ते यामुळे.

हे घडवून आणणारी रसायनं ओळखीची आहेत. लेप्टिन चरबीच्या पेशींतून स्रवतं आणि साठा पुरेसा आहे, असं मेंदूला कळवतं. १९९४मध्ये ते सापडलं. चरबी उतरली की लेप्टिनही उतरतं. जठरातून येणारं घ्रेलिन भूक चाळवतं, आणि वजन घटलं की त्याची पातळी वाढते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलो उतरवलेल्या लोकांमध्ये हा बदल वर्षभरानंतरही टिकून होता आणि भूकही वाढलेलीच होती. त्यामुळे "थोडे दिवस कळ काढा, सवय होईल" हा सल्ला मी देत नाही. ज्यांना सवय होते त्यांना होवो बापडी.

आता ते मटणाचे व्हिडिओ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर भुकेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे समजून घ्यायला हे तरुण स्वेच्छेने तयार झाले होते. पाऊण वजनावर आल्यावर त्यांची स्वप्नं, गप्पा, सगळं जेवणाभोवती फिरू लागलं. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसत. हे ऐकून वहिनी पहिल्यांदा हसल्या. नंतर मात्र त्यांनी मटणावरून टोमणा मारला नाही, असं सर सांगतात.

उपायाची सुरुवात सरांना अजिबात आवडली नाही. सहा आठवडे वजन उतरवायचं नाही, असं मी सांगितलं. आहे तिथे टिकायचं. पाच किलोमीटरची संध्याकाळची फेरी बंद. रात्रीची भाकरी परत, आणि जेवण सातऐवजी आठला. "अहो, पण मग वाढेल!" पहिल्या आठवड्यात किलोभर वाढेलच, हे आधीच बजावून ठेवलं होतं. धान्य वाढलं की स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा भरतो, आणि तो आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो; ती चरबी नसते. तरीही ७९.८ दिसल्यावर सरांचा सकाळी सहाला फोन आलाच.

सरांच्या जुन्या आहारात दिवसाची प्रथिनं जेमतेम ४० ग्रॅम होती. सकाळी पोहे, डब्यात एक भाकरी, पालेभाजी, काकडी. घरगुती मराठी डाएटचं हे दुखणं मी सारखं बघते. तेल-तूप कापतात, भात-भाकरी कापतात आणि उरतं ते बहुतेक पाणी आणि पालापाचोळा. सरांची किडनीची तपासणी नॉर्मल होती, म्हणून किलोमागे एक ग्रॅमच्या जवळ जायचं ठरवलं. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि भाकरी, किंवा मुगाचं धिरडं आणि दही. डब्यात मटकीची उसळ आणि दुसरी भाकरी. शाळा सुटल्यावर मूठभर फुटाणे आणि ताक. ही पाचची वेळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एक ते सात रिकामं राहिलेलं पोट त्याची वसुली रात्री करतं. रात्री भाकरी, आमटी, भाजी, आणि चिकन किंवा पनीर.

भडंग बंद केलं नाही. वाटीत घेऊन, बसून, जेवणाच्या वेळीच खायचं. डब्यात हात घालून नाही.

व्यायामात चालण्याच्या बदल्यात बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर, आठवड्यातून तीनदा. सर लहानपणी तालमीत जायचे, त्यामुळे हे त्यांना चालण्यापेक्षा आवडलं. नुसतं कमी खाऊन आणि चालून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायूंची ही तूटही भूक वाढवते, असं काही संशोधकांचं मत आहे. शिवाय तेव्हा उत्तरपत्रिकांचे दिवस होते, सर पाच तास झोपत होते. निरोगी तरुणांना दोनच रात्री चार-चार तास झोपू दिलं तरी लेप्टिन घटतं, घ्रेलिन वाढतं आणि भूकही, हे २००४मध्ये प्रयोगाने दिसलंय. गठ्ठे पहाटे तपासा, पण साडेदहाला झोपा, एवढंच मी म्हटलं. ते पूर्ण जमलं नाही. अकरा वाजतात.

वजन कमी करायची इंजेक्शनं घेऊ का, असं त्यांनी मध्येच विचारलं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही औषधं भुकेच्या संकेतांवरच काम करतात, म्हणून तर ती लागू पडतात. पण थांबवली की भूक परतते आणि बऱ्याच जणांचं उतरलेलं वजनही. चार किलोंसाठी हा विचार करायचा की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

जे रात्री ताबा सुटून, लपून, पोट दुखेपर्यंत खातात, नंतर उलटी काढतात किंवा दोन दिवस उपाशी राहून त्याची भरपाई करतात, त्यांच्यासाठी मात्र वरचं काही पुरेसं नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवा. भूक वाढूनही वजन आपोआप घटत असेल, सोबत तहान किंवा छातीत धडधड असेल, तर साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावं. सरांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

चौथ्या आठवड्यात अकराचा फेरा थांबला. भूक लागते, पण जेवणाच्या वेळी. सहा आठवड्यांनी काट्यावर ७८.६. मग आम्ही ७५ या आकड्याकडे पुन्हा पाहिलं. लग्नातलं वजन सोडलं तर त्याला काही आधार नव्हता. कंबर अजून भारतीय पुरुषांसाठीच्या ९०च्या मर्यादेपेक्षा वर आहे, म्हणून थोडं उतरायला हवं, हे खरं. त्यामुळे आता काट्याऐवजी टेप लावायची, दर महिन्याला एकदा. दोन महिने थोडं कमी खायचं, दोन महिने टिकायचं. रात्रीची भूक सलग दोन आठवडे परतली तर तिथेच थांबायचं, आकडा काहीही असो. सरांनी वहीत या अटी लिहून खाली सही केली आणि वहिनींची साक्षीदार म्हणून घेतली.