नातवंडासाठी पांघरुणांची लाकडी पेटी मित्रांनी मिळून घरीच करता येईल का?

आपण विचारले आहे की, आपण आणि आपले तीन मित्र निवृत्त झाला असून होणाऱ्या नातवंडासाठी रजया, गोधड्या ठेवण्याची लाकडी पेटी स्वतःच्या हातांनी करण्याचा विचार आहे, परंतु चौघांपैकी कोणीही सुतार नाही. तेव्हा हे जमेल का, लाकूड कोणते घ्यावे आणि बारशापर्यंत पेटी तयार होईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘जमेल’ असे आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, आमच्यावर गुजरले त्यावरून, ‘बारशाचा नाद सोडा’ असे आहे.

आम्हीही चौघेच होतो. नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी एक रेल्वेच्या अजनी लोको शेडमधून निवृत्त झालेला फिटर, एक चित्रकलेचा शिक्षक, एक जन्मभर बँकेत हिशेब तपासलेला गृहस्थ, आणि मी, ज्याने त्यापूर्वी लाकडाचे काम म्हणून केवळ एक पाट केला होता आणि तोही डुगडुगत असे. माझ्या नातीच्या बारशासाठी म्हणून आम्ही फेब्रुवारीत हे काम काढले आणि पेटी तिचा पहिला वाढदिवस होऊन गेल्यानंतर तिच्या खोलीत गेली. उशिराला आमचे अडाणीपण थोडेफार कारणीभूत होते. मुख्य कारण मात्र नागपूरची हवा हे होते, आणि त्याविषयी कोणी आधी सांगितले असते तर आमचे तीन महिने वाचले असते.

लाकूड सागवानच घ्यावे, असे माझे मत आहे. विदर्भात राहून दुसरे घेण्याचे कारण नाही. आलापल्ली-बल्लारपूरच्या जंगलांतला साग एवढा नावाजलेला आहे की, अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान पाठवण्यात आले होते. आपल्याला एवढा थोरला व्यवहार करायचा नाही. साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच पेटीला नासधूस धरून सुमारे अडीच घनफूट लाकूड लागते आणि ते नागपुरातल्या लकडगंजच्या टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, चिरून मिळते. घेताना फळीची कड पाहावी. सालीलगतचा पांढुरका भाग स्वस्तात देतात, परंतु सागाला वाळवी लागत नाही ही ख्याती गाभ्याच्या लाकडाची आहे, त्या पांढुरक्या भागाची नव्हे. पाडलेल्या जुन्या घराच्या चौकटी किंवा दारे मिळाली तर त्याहून उत्तम, कारण ते लाकूड पन्नास-साठ वर्षे वाळलेले असते. फक्त रंधा मारण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याचे वाटोळे करतो. बिल अवश्य मागून घ्यावे, कारण सागाच्या वाहतुकीवर वन खात्याचे लक्ष असते.

टालीवाला ‘वाळलेला माल आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलतो असे नाही. त्याचे वाळणे वेगळे आणि पेटीला लागणारे वाळणे वेगळे. आमच्या बँकवाल्या मित्राने यावर एक सोपा उपाय केला. फळीचा एक तुकडा कापून त्याने तो दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला आणि वजन वहीत लिहिले. सलग तीन रविवार आकडा हलला नाही, तेव्हा कुठे त्याने आम्हांला करवत उचलू दिली. तोवर एप्रिल उजाडला होता.

आता आमच्या फजितीविषयी सांगतो. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तीन फळ्या चिकटवून झाकण तयार केले. बाहेर ४५ अंश तापमान होते आणि व्हरांड्यातली हवा पापडासारखी कोरडी होती. झाकणाला ऊन लागू नये म्हणून मी ते आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले, आणि त्या खोलीत आपल्या सर्वांच्या घरी असतो तसा पाण्याचा कुलर दिवसरात्र चालू होता. चार दिवसांत झाकणाला जवळजवळ अर्धा इंच बाक आला. कुलरच्या ओल्या वाऱ्याकडची बाजू फुगली होती आणि भिंतीकडची कोरडी राहिली होती, हे आम्हांला तेव्हा उमगले नाही; फुगलेल्या बाजूवर शिकंजे आवळून आम्ही बाक काढू पाहत होतो. टालीवर काम करणारे एक वृद्ध मिस्त्री ते पाहायला आले आणि म्हणाले, “लाकूड पाणी पिऊन राह्यलं, अन् तुमी त्याले दाबून राह्यले!” त्यांच्या सांगण्यावरून आम्ही झाकण कुलर नसलेल्या खोलीत दोन पट्ट्यांवर आडवे ठेवले, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच हवा लागेल. तीन आठवड्यांत बाक बराचसा आपोआप गेला. उरलेला रंध्याने काढताना झाकणाची जाडी पाऊण इंचावर आली.

यातून जे शिकलो ते संपूर्ण पेटीला लागू पडते. फळी लांबीत जवळजवळ हलत नाही. ती रुंदीत हलते. दीड फूट रुंदीची सागाची फळी मेच्या कोरड्या हवेतून भादव्याच्या दमट हवेत गेली की तीन ते पाच मिलिमीटर फुगू शकते, आणि साग हे तुलनेने शांत लाकूड असूनही ही स्थिती आहे. म्हणून चारही बाजूंच्या फळ्यांचे रेषे आडवेच ठेवावेत, म्हणजे त्या एकत्र फुगतील आणि एकत्र आक्रसतील. तळाच्या फळ्या खाचेत नुसत्या बसवाव्यात, त्यांना फेविकॉल लावू नये. झाकणाच्या खालून आडव्या पट्ट्या मारताना मधला स्क्रू घट्ट बसवावा आणि कडेच्या स्क्रूंची भोके लांबट करावीत. या गोष्टी टाळून सर्व काही घट्ट चिकटवले, तर पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यात कुठेतरी चीर पडणारच.

कोपऱ्यांना आम्ही डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे सांधे केले, कारण चित्रकलेच्या शिक्षकांनी ते इतके सुरेख आखून दिले की नाही म्हणणे अवघड झाले. आपण ते करावेतच असा माझा आग्रह नाही. एका फळीच्या खाचेत दुसरीचे टोक बसवण्याचा, खाच-कुसूचा साधा सांधाही गोधड्यांचे ओझे सहज पेलतो. साग पटाशीची धार लवकर घालवतो, कारण त्याच्यात वाळूसारखे सिलिका असते, म्हणून दर अर्ध्या तासाने सहाणेकडे वळावे लागते. त्यात तेलही असते, त्यामुळे सांधा चिकटवण्याच्या अगदी आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर फेविकॉल धरत नाही.

मित्रांसोबत काम करण्याविषयी एकच सूचना आहे: मोजणारा माणूस एक असावा आणि टेपही एकच असावा. आमच्याकडे चार टेप होते, आणि त्यांतल्या दोन टेपांच्या टोकाचे हूक ढिले झाल्यामुळे मापांत दोन मिलिमीटरचा फरक होता. हे कळण्यापूर्वी एक बाजू वाया गेली आणि दोन मित्र आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतर फिटर मित्राने सर्व मापे एका सरळ काठीवर कोरून ठेवली आणि आकडे उच्चारण्यावर बंदी घातली.

झाकणाकडे आपण सर्वांत अधिक लक्ष द्यावे, असे मी आजोबा या नात्याने सांगतो. या मापाचे सागवानी झाकण सहा-सात किलो भरते आणि ते लहान मुलाच्या बोटांवर किंवा मानेवर पडू शकते. म्हणून ते कोणत्याही कोनात थांबवणाऱ्या आणि सावकाश मिटणाऱ्या दोन दांड्या हार्डवेअरच्या दुकानातून आणाव्यात. हाताने केलेल्या पेटीत विकतची वस्तू नको, हा हट्ट येथे करू नये. दुसरे असे की, मूल लपाछपीत आत शिरून बसू शकते. अमेरिकेत अशाच पेट्यांचे झाकण पडताच आपोआप लागणाऱ्या कुलपांमुळे मुले आत गुदमरून दगावली, आणि १९९६ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांची कुलुपे बदलण्याची मोहीम काढावी लागली. आम्ही कडीकोयंडा लावलाच नाही, मागच्या फळीला वरच्या कडेजवळ बोटभर व्यासाची सहा भोके पाडली आणि झाकणाच्या पुढच्या कडेखाली फट राहील असे दोन छोटे लाकडी ठोकळे बसवले. भोकांना आतून बारीक जाळी लावली, म्हणजे झुरळ शिरत नाही.

बाहेरून जवसाचे तेल लावले, आतून काहीही लावले नाही. बंद पेटीत तेलाचा वास वर्षानुवर्षे राहतो आणि गोधड्यांना लागतो. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण ती वाळताना तापतात आणि आपणहून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून उघड्यावर पसरावीत. आत डांबरगोळ्याही ठेवू नयेत, कारण नॅप्थलीन तान्ह्या मुलांना अपायकारक ठरू शकते, विशेषतः ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असते त्यांना. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला सुती पिशवीत घालून ठेवावा आणि मेमध्ये एकदा सगळी पांघरुणे गच्चीवर कडक उन्हात टाकावीत.

आपण काम कोणत्या महिन्यात सुरू करणार आहात आणि घरी कुलर आहे की एसी, हे कळवावे. मेमध्ये तळ बसवणार असाल तर खाचेत दोन्ही बाजूंना मिळून पाच मिलिमीटर मोकळी जागा लागेल, श्रावणात बसवणार असाल तर जवळजवळ काहीच लागणार नाही. त्याप्रमाणे मापे लिहून पाठवतो.