टाचेमागची दुखरी शीर आणि पिलाटेस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी प्रश्न वाचायला बसले तर सगळ्यांची टाचच दुखतेय! आधी एक खुलासा, तुम्ही सगळे जिला 'शीर' किंवा 'नस' म्हणताय ती शीर नाहीये, तो अकिलीस टेंडन आहे, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा जाड दोर. मी फिजिओ आहे आणि बरीच वर्षं पिलाटेस (हालचालीवर ताबा ठेवून करायचा व्यायामप्रकार) शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलेन.

प्रश्न: चार महिने झाले, सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं लंगडतच टाकते, मग मोकळं होतं. मैत्रीण म्हणते पिलाटेस लाव, फिजिओ म्हणतात रोज टाचा उचल. कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐका, पण फिजिओचं जरा जास्त. आधी दुखतंय कुठे ते बघा. टेंडन चिमटीत धरून खालून वर सरकत जा, टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटीमीटर वर दुखत असेल, तिथे गाठीसारखं जाड लागत असेल, तर तो मधल्या भागाचा त्रास. आणि अगदी हाडाला चिकटतो तिथेच दुखत असेल तर प्रकार वेगळा, त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

मधल्या भागाच्या दुखण्यावर जे खरंच चालतं ते म्हणजे टेंडनवर हळूहळू ओझं वाढवत नेणं. स्वीडनमधले ऑर्थोपेडिक सर्जन हाकन आल्फ्रेडसन यांची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे, त्यांचा स्वतःचाच टेंडन दुखत होता, वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार होईनात, म्हणून ते दुखत असतानाच मुद्दाम टाच खाली सोडायचे व्यायाम करत सुटले, की बघू तुटतो का, मग तरी ऑपरेशन करावंच लागेल. तुटला नाही, उलट बरा झाला. पुढे १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरचा अभ्यास छापला: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली, १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हिशोब केला तर दिवसाला १८० वेळा! बहुतेकांचा उत्साह दुसऱ्या आठवड्यात संपतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. २०१५ मधे डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात आठवड्यातून ३ दिवस, जड वजन आणि सावकाश हालचाल असा प्रयोग केला तर निकाल तेवढेच चांगले आले, मी आता बहुतेकांना तेच सांगते.

मग पिलाटेस कुठे येतं? ओझं कमी-जास्त करायची जी सोय त्यात आहे ना, तिथे. ज्याला उभं राहून टाच उचलताच कळ येते त्याला रिफॉर्मरवर (स्प्रिंगने ओढलेल्या सरकत्या फळीचं, म्हणजे कॅरेजचं, पिलाटेसचं यंत्र) झोपवून, फूटबारवर, म्हणजे पाय टेकवायच्या दांड्यावर, चवडे टेकवून, दोन-तीन स्प्रिंगवर तीच हालचाल आरामात करून घेता येते. पण स्प्रिंगचं ओझं साधारणपणे तुमच्या स्वतःच्या वजनापेक्षा कमीच असतं, आणि धावताना टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो, म्हणजे सहा महिने नुसतं झोपून हे फूटवर्क (दांड्यावरचे पायांचे व्यायाम) केलं तर टेंडन झोपून फूटवर्क करण्यापुरताच तयार होणार. दोन-तीन आठवड्यांत उभं राहायचंच, मग एका पायावर, मग हातात किंवा पाठीवर वजन. आणि हे ज्या शिक्षकाला पटत नाही त्याच्याकडून पाठ-कंबरेचं शिका, टाचेचं नको.

प्रश्न: माझ्या इन्स्ट्रक्टर प्रत्येक क्लासला टेंडन स्ट्रेच करून घेतात, टाच फूटबारच्या खूप खाली सोडायला लावतात. त्या वेळी बरं वाटतं पण दुसऱ्या दिवशी टाचेच्या हाडावर आग होते. आणखी ताणायला हवं का?

नाही! थांबवा ते. तुमचं दुखणं हाडाला चिकटतो त्या जागेचं वाटतंय, आणि टाच खाली गेली, पाऊल वर वळलं की टेंडन तिथे टाचेच्या हाडावर दाबला जातो, म्हणजे ताण आणि चेंगरणं दोन्ही एकदम. ताणताना बरं वाटतं हे खरं, म्हणूनच लोक ताणत राहतात, आणि म्हणूनच बरे होत नाहीत.

तुमच्यासाठी नियम सोपा, टाच जमिनीच्या पातळीच्या खाली न्यायचीच नाही. रिफॉर्मरवर असाल तर पाऊल पायाच्या नळीशी काटकोनात आलं की बस, तिथून वर. सुरुवातीचे काही आठवडे बुटात टाचेखाली छोटी गादी घाला, आणि घरात अनवाणी हिंडणं जरा कमी करा. मॅटवर डाउनवर्ड डॉगसारखं (अधोमुख श्वानासन) जे काही करून घेतात तेव्हा टाचा टेकवायचा अट्टहास सोडा, कोणी येऊन तुमच्या टाचा खाली दाबत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. वाईट वाटलं तर वाटू दे.

प्रश्न: व्यायाम करताना दुखतं. दुखत असताना करत राहावं की विश्रांती घ्यावी? दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली.

पूर्ण विश्रांती घेतली की दुखणं कमी होतं आणि टेंडन आणखी कमजोर होतो, मग पहिल्याच दिवशी जरा जोरात चाललात की परत तेच, हे चक्र तुम्ही एकदा तरी फिरला असाल. आम्ही ० ते १० चं मोजमाप वापरतो. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. व्यायाम करताना आणि झाल्यावर ५ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर यायला हवं, आणि आठवड्यागणिक चढत जायला नको. स्वीडनमधेच २००७ साली हे तपासलं गेलं, ज्यांनी हा नियम पाळून धावणं-उड्या चालू ठेवल्या ते, सहा आठवडे धावणं बंद ठेवणाऱ्यांच्या मागे पडले नाहीत.

खरा परीक्षक सकाळची पहिली पावलं. मी लोकांना एक वही करायला लावते, रोज सकाळी पलंगावरून उतरल्यावर किती दुखलं तो एक आकडा, बाकी काही लिहायचं नाही. आकडा ३ चा ६ झाला तर काल जास्त झालं, आज एक स्प्रिंग कमी. एक ताई रोज क्लासमधे 'काही दुखत नाही' म्हणायच्या आणि वहीत ६, ७, ७. मग कळलं की क्लास सुटल्यावर तासभर उंच टाचांच्या चपला काढून सपाट चपलांमधे भरभर चालत घरी जायच्या, दोष रिफॉर्मरचा नव्हताच.

प्रश्न: रिफॉर्मर नाही, घरी मॅट आहे फक्त. काय करू?

मॅटही बाजूला ठेवली तरी चालेल, भिंत आणि एक खुर्ची पुरे.

भिंतीला बोटं टेकवून दोन्ही पायांच्या चवड्यांवर चढा, ३ सेकंदात वर, ३ सेकंदात खाली. आणि इथे मोबाइल मागे जमिनीवर ठेवून व्हिडिओ काढा, कारण जे बघायचंय ते तुम्हाला स्वतःला दिसत नाही. वर चढताना घोटा बाहेर झुकतो का, वजन करंगळीकडे पळतं का? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं पळतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेला गोलसर उंचवटा जमिनीवर दाबून धरा, दोन घोट्यांच्या मधे टेनिसचा चेंडू धरलात तर आपोआप सरळ चढाल. चेंडू पडला की ती खेप धरायची नाही.

मग तेच खुर्चीवर बसून, मांडीवर जड पिशवी किंवा डंबेल ठेवून. हे लोक सोडून देतात कारण सोपं दिसतं, पण गुडघा वाकवला की पोटरीचा वरचा मोठा स्नायू ढिला पडतो आणि आतल्या सोलियस नावाच्या स्नायूला काम करावं लागतं, धावताना सगळ्यात जास्त राबतो तो हाच. पिशवी हलकी असेल तर काही उपयोग नाही, पंधराव्या खेपेला पोटरी थरथरायला हवी. दोन्ही जमलं की उभं राहूनचा व्यायाम एका पायावर न्या. एक दिवस करा, एक दिवस सोडा.

पिलाटेसमधलं शोल्डर ब्रिज (पाठीवर झोपून कुल्ले वर उचलणं) चवड्यांवर राहून करा, छान आहे, कुल्ल्याचे स्नायू पण येतात त्यात. बाकी हंड्रेड, रोल-अप वगैरे पोटाचे व्यायाम आवडत असतील तर जरूर करा, टेंडनला त्याचं काही देणंघेणं नाही.

प्रश्न: टेंडन तुटून ऑपरेशन झालं, पाच महिने झाले. दोन्ही पायांवर टाच उचलता येते, एका पायावर अजिबात नाही. पाय ताणला की पाऊल अगदी सहज वर वळतं, हे चांगलंच ना?

नाही हो, हीच तर भानगड आहे. तुटलेला टेंडन जुळताना थोडा लांब होऊन जुळू शकतो, मग स्नायू कितीही ओढो, दोर ढिला असल्यामुळे टाच वरपर्यंत पोचतच नाही. ताणण्याचे व्यायाम बंद, कोणी कितीही सांगो. मधल्या भागाच्या दुखण्याचे जे नियम वर लिहिलेत ते तुम्हाला लावू नका.

तुम्हाला लागणार आहे ती सगळ्यात वरच्या टप्प्यातली ताकद, चवड्यावर पूर्ण चढल्यावरचे ते शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर, आणि इथे रिफॉर्मर खरोखर कामाचा आहे, कारण स्प्रिंग जितकी लांबते तितकी जास्त ओढते, म्हणजे पाय सरळ करून टाच वर दाबली की ओझं नेमकं वरच्या टोकाला जास्तीत जास्त. दोन्ही पायांनी वर जा, तिथे ५ सेकंद थांबा, मग सगळं वजन ऑपरेशनच्या पायावर देऊन सावकाश खाली. कॅरेज धाडकन येऊन आदळली तर स्प्रिंग जास्त झाली असं समजा. ही पद्धत सुरू करणारे जोसेफ पिलाटेस तिला 'कंट्रोलॉजी', म्हणजे ताबा ठेवायचं शास्त्र, म्हणायचे, ते अशा वेळी पटतं. तुमच्या सर्जनना विचारून सुरू करा, आणि एका पायावर टाच उचलायला वर्ष लागलं तरी घाबरू नका, लागतं.

प्रश्न: धावत नाही, उड्या मारत नाही, तरी अचानक दोन्ही टाचांच्या मागे दुखायला लागलं. पिलाटेस करू का?

आधी डॉक्टर. गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक घेतलीत का? या गटातल्या औषधांनी टेंडन दुखू शकतो, तुटूही शकतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००८ मधेच त्यावर ठळक इशारा छापायला लावला. वय साठच्या पुढे असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर धोका जास्त. औषध मनाने बंद करू नका, ज्यांनी दिलं त्यांना लगेच फोन करा. तसं काही नसेल, पण सकाळचा ताठरपणा अर्धा तास जात नसेल, सोबत कंबर दुखत असेल किंवा सोरायसिस असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही टेंडन जाड झाले असतील तर कोलेस्टेरॉल पण तपासून घ्या.

आणि हे सगळ्यांसाठी, चालता-खेळता मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट' असा आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: बरं वाटतंय. जंपबोर्डवर (रिफॉर्मरला लावलेली फळी, झोपून तिच्यावर उड्या मारतात) उड्या कधी सुरू करू?

एका पायावर, सावकाश, पूर्ण उंचीपर्यंत २०-२५ वेळा टाच उचलता आली, दुसऱ्या पायाच्या जवळपास, आणि दुसऱ्या सकाळचा आकडा वाढला नाही, तर करा सुरू. हलकी स्प्रिंग, दोन्ही पाय, ३० सेकंद उडी, ३० सेकंद आराम, असं ५ वेळा, आणि मधे निदान दोन दिवस सोडा. उडीचा आवाज ऐका, डावा-उजवा पाय एकदम टेकत असेल तर एकच 'थप' येतो. दोन आवाज आले तर दुखरा पाय अजून चोरताय.