फेसबुकवर राजकारणावर परखड लिहिणारा माणूस घरात कसा असतो? बहिणीला असं स्थळ आलंय, पुढे जावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सोलापूरचा आहे, नोकरी बरी आहे, व्यसन नाही, पण फेसबुकवर राजकारण्यांना नाव घेऊन धारेवर धरतो, म्हणून घरातले बिचकतायत. मी अशाच एका माणसाबरोबर सतरा वर्षं संसार करतेय, आणि सोलापुरातच. शिवाय हा प्रश्न आमच्या घरात 2019 पासून धुमसतोय. तेव्हा मी गप्प बसले होते, म्हणून आज लिहिते.

माझा नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. कुठल्या पक्षात नाही, कधी नव्हता. तो लिहायला लागला पाण्यामुळे. सोलापूरकरांना यातलं काही समजावून सांगायला नको. चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी रात्री अडीचला. मोटर लावायची, हौद भरायचा, मग बॅरल, मग घागरी. नळी एका बॅरलमधून दुसऱ्यात टाकायच्या मधल्या वेळात हा पायरीवर बसून मोबाईलवर टाइप करायचा. पाणी कधी आलं, कधी गेलं हे एका जुन्या खतावणीत तारीखवार लिहून ठेवायचा. पुढच्या गल्लीतला त्याचा मित्र त्याच्याकडचं लिहून द्यायचा.

2019 च्या मे महिन्यात त्याने दोन महिन्यांच्या नोंदी मांडल्या. आमच्या गल्लीत एका पाळीला सरासरी पावणेदोन तास पाणी, आणि आमच्या भागातल्या नगरसेवकाच्या गल्लीत साडेतीन तास. खाली पाणी सोडणाऱ्या माणसाबद्दल एकच ओळ, ‘चावीवाला कुणाच्या सांगण्यावरून थांबतो?’ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पोस्ट अर्ध्या सोलापूरभर फिरली होती.

त्या संध्याकाळी चार गाड्यांवर सात पोरं आली. “काय बे, लय शाना झालास का?” इथून सुरुवात. थोरले दीर आणि जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात. जाऊबाईंनी आधी जिन्याचं दार लावलं. नवरा खतावणी घेऊन बाहेर गेला, कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, “तारीख सांगा, वेळ दाखवतो.” आवाज चढवला नाही. फेसबुकवर इतका तिखट लिहिणारा माणूस समोर सात जण उभे असताना बँकेत पासबुक भरून घ्यावं तसा बोलत होता. त्यातल्या एका पोराने एक तारीख काढली. त्या दिवशी आमच्याकडे दोनदा पाणी आलं होतं, रात्री मध्येच बंद झालं म्हणून सकाळी पुन्हा सोडलं होतं. खतावणीत सकाळचं नव्हतंच.

ती चूक माझी होती. सकाळी तो कामावर गेलेला, पाणी मी भरलं आणि लिहायचं राहिलं. दाराआड उभी राहून मी हे ऐकत होते. त्याला तिथल्या तिथे कळलं असणार, कारण दिवसाच्या नोंदी माझ्याकडे असायच्या. तो म्हणाला, “ही नोंद माझ्याकडून राहिली. आज रात्री दुरुस्ती टाकतो.” पोरं म्हणाली पोस्टच काढ. तो म्हणाला, “पोस्ट राहील.” मग सायबरला तक्रार टाकतो, आत जाशील, असं म्हणून ती गेली.

रात्री त्याने पोस्टच्या अगदी वर लिहिलं की एक नोंद राहिली होती, सरासरी सात-आठ मिनिटांनी वाढते, चूक माझी. यावर आदल्या दिवशी ‘वाघ’ म्हणणाऱ्यांनी त्याला शिव्या घातल्या. सेटिंग झाली, घाबरला, विकला गेला. तो त्यांनाही उत्तरं देत बसला नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांच्याच जिव्हारी लागणारं आणखी एक लिहून मोकळा झाला. उजनी मायनसमध्ये गेली म्हणून जो तो धरण कोरडं पडल्यासारखं ओरडत होता. याने लिहिलं की उजनीत 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचा राखीव साठा आहे, मायनस म्हणजे आपण त्या साठ्यातलं पाणी वापरतोय, धरणात पाणीच नाही असं नव्हे. आणि खरी ओरड करायची तर शहराला पाणी देणारा औज बंधारा भरायला भीमेच्या पात्रात सोडलेलं पाणी वाटेत किती मुरतं आणि किती उपसलं जातं, यावर करा. लोकांना हे ऐकायचं नव्हतं. सरकारची बाजू घेतोस म्हणाले.

माणूस ओळखायचा तर इथे ओळखा. तुमच्या त्या मुलाच्या वर्षभराच्या पोस्टी खाली खाली जाऊन वाचा. ज्याला मत देतो त्याच्याविरुद्ध कधी लिहिलंय का बघा. चुकल्यावर पोस्ट गुपचूप उडवतो की दुरुस्ती लिहितो, तेही बघा. बाईने विरोधात कॉमेंट केली की तिच्या घरादारावर जाणारा असेल तर मुळीच देऊ नका, मग त्याची मतं तुम्हाला कितीही पटोत.

घरात कसा म्हणाल तर माझा नवरा कमी बोलतो. लग्नकार्यात लोक मुद्दाम टोकतात, “काय साहेब, आज कुणाचा नंबर?” तेव्हा तो पंगतीत वाढायला निघून जातो. उसने पैसे देताना लिहून ठेवतो, सख्ख्या भावालाही. त्रास एकच, मोबाईल. निवडणुकीच्या दिवसांत शेजारी बसून हाक मारली तरी ऐकू जात नाही. ताटावर मोबाईल आणायचा नाही हे मी एकदा रडून सांगितलं, तेव्हापासून आणत नाही.

आता जाऊबाईंचं. दिरांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. त्या नगरसेवकाकडून सत्कारासाठी शाली आणि टॉवेलची ऑर्डर यायची, ती त्या पोस्टनंतर बंद झाली. “याच्या बोटांमुळे आमच्या पोटावर पाय आला,” हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक सणाला ऐकतेय. मागच्या दिवाळीत तर पाहुण्यांसमोर म्हणाल्या, असल्या लिहिणाऱ्याला कुणी पोरगी देऊ नये. तुमचा प्रश्न वाचताना तेच आठवलं. त्या 2019 च्या रात्री सासरे होते. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, फारसं बोलायचे नाहीत. त्यांनी थोरल्या सुनेला एवढंच विचारलं, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून रोज जातेस, त्यात कुर्बान हुसेन कोण ते ठाऊक आहे का? याच गावात ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. 1930 च्या मार्शल लॉनंतर धनशेट्टी, सारडा आणि शिंदे यांच्याबरोबर त्यांना येरवड्यात फाशी दिली, 12 जानेवारी 1931 ला. माझ्या नवऱ्याची त्यांच्याशी बरोबरी कुणी करत नाही, सासऱ्यांनीही केली नाही. पण ज्या गावात हे घडलं तिथे सात पोरं दारात आली म्हणून लिहिलेलं पुसायचं, हे त्यांना पटलं नाही.

सायबरच्या धमकीने मी आठवडाभर झोपले नव्हते. मग वाचून काढलं. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली होती, तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. त्यामुळे त्या कलमाची भीती नको. अब्रुनुकसानी मात्र आजही गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमाखाली. मुलगा ऐकीव गोष्टींवर कुणाला चोर म्हणत असेल तर काळजी खरी आहे. नोंदी, माहिती अधिकारातली कागदपत्रं हाताशी ठेवून लिहीत असेल तर निभावतं. आणि हो, हे आधीच विचारायला हवं होतं: नोकरी सरकारी आहे का? राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 1979 चे वर्तणूक नियम लागू आहेत, सरकारवर जाहीर टीका केली तर चौकशी लागू शकते. तसं असेल तर लग्नाआधी त्याच्याशी मोकळं बोला. माझा नवरा खासगीत आहे, मला तो अनुभव नाही.

जाऊबाई, तुम्हीही इथलं वाचता हे मला माहीत आहे. त्या ऑर्डरीचं म्हणाल तर आधीच्या खेपेचं बिल सहा महिने थकलेलं होतं, आणि ते आजतागायत आलेलं नाही. दर रविवारी दुकानाचा हिशेब हाच लिहितो. नोंद त्याच्याच अक्षरात आहे, भावजींना विचारा. त्याने ती तुम्हाला एकदाही दाखवली नाही.